माझा ओटीपी अर्धापूरला जात होता

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीने मला विचारलं, "आजी, बाबा म्हणतो तू रिकामीच असतेस. मग फोन का नाही उचललास?" मागे तुमचा बाबा हसत होता. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण रागात माझं इंग्रजीही बिघडतं आणि मराठीही. म्हणून आता शांतपणे लिहायला बसले आहे. शांतपणा किती टिकतो ते पाहू.

मी रिकामी नसते. नांदेडच्या घरात पुढच्या खोलीत मी इंग्रजी शिकवते. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुली येतात. गणितात एकीहून एक हुशार, पण मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मान खाली. या कमाईचं आयकराचं रिटर्न मी दर वर्षी भरते. माझ्या नावाने. तुमचे आजोबा होते तेव्हाही मी ते वेगळंच भरत असे.

आपले कर सल्लागार लातूरला असतात. तुमच्या बाबाचेच वर्गमित्र. यंदा रिटर्न भरून त्यांनी फोन केला, "काकू, झालं बघा. आता पेढे."

भरलं म्हणजे झालं, असंच इथे सगळे धरून चालतात. तसं नसतं. हे रिटर्न माझंच आहे, असं भरल्यापासून तीस दिवसांत आपण कबूल करायचं असतं. त्याला पडताळणी म्हणतात. ती केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. मी वाट पाहिली, मग स्वतःच विचारलं, "पडताळणीचं काय?"

"अरे हां काकू, ती राहिली की! थांबा, ओटीपी पाठवतो. आला का?"

"नाही."

"नीट बघा. चष्मा लावून बघा."

चष्मा लावलेलाच होता. मग तुमच्या बाबाला फोन केला, तर तो म्हणतो, "अगं आई, तुझ्या आधारला माझा जुना नंबर आहे. इकडे परदेशात आल्यावर मी तो बंद केला."

"माझ्या आधारला तुझा नंबर कशासाठी?"

"मीच तर नेलं होतं तुला सेंटरवर. आणि तुला कुठे मेसेजमधलं कळतं?"

मला! ज्याला मी एबीसीडी गिरवायला शिकवलं, तो मला हे सांगतो. आणि हे आपल्याच घरात आहे असं नाही. इथे बाई कमावती असो, शिकलेली असो, तिच्या गॅसला नवऱ्याचा नंबर, बँकेला मुलाचा आणि आधारला त्या दिवशी जो सोबत गेला त्याचा. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही तोवर वाटलं नव्हतं, याचा सर्वात जास्त राग आला.

बंद केलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, म्हणून मी तो जुना नंबर लावून पाहिला. पलीकडे कुणीतरी गाडीवाल्यावर ओरडत होतं.

"बोला ताई. अर्धापूरहून बोलतोय, केळीची गाडी भरून राहिलो."

मी सगळं समजावून सांगितलं.

"हाव, लई मेसेज येऊन राहिले. पण ओटीपी न्हाई सांगणार. बायकोनं बजावलंय, कुणीबी मागू दे, द्यायचा न्हाई."

"अहो, तो माझा आहे!"

"तुमचा हाय, तर मग माझ्याकडं का येऊन राहिला?"

त्याचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि आधार केंद्र गाठलं. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, घरातल्या कुणाचा तरी नंबर सांगा." मी म्हटलं, "घरातली मीच आहे." तिने माझा नंबर घातला, पण तो लागू व्हायला किती दिवस लागतील ते सांगता येईना, आणि इकडे मुदत संपत आली होती.

आणखी एक रस्ता होता. रिटर्नची पोचपावती छापायची, सही करायची आणि आयकर खात्याच्या बेंगळुरूच्या कार्यालयात टपालाने पाठवायची. मुदतीत तिथे पोचली पाहिजे, नुसती टाकून भागत नाही. मी लातूरला फोन करून पोचपावती मागितली, तर सल्लागार वैतागले.

"काकू, पोस्टानं कोण पाठवतंय आता? एखादं वर्ष नाही झालं तर काय बिघडलं? तुमचं घर थोडंच त्याच्यावर चालतंय?"

"मग दर वर्षी पेढे कशाचे मागता?"

थोड्या वेळाने पोचपावती मेलवर आली. मी ती छापली, सही केली आणि दुपारचा वर्ग उशिरा घेऊन स्पीड पोस्ट करून आले. दुसऱ्या दिवशी लातूरची बस धरली, सल्लागारांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आयकराच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे असलेला त्यांचा ईमेल काढून माझा घालायला लावला. पासवर्डही मागून घेतला. "काकू, विश्वास नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यावर आहे. तुमच्या वर्गमित्रावर नाही."

पडताळणी झाल्याचा मेल मुदतीच्या आत मला आला. नंतर आयकर खात्याने रिटर्न तपासल्याचा कागद आला, तो मी माझ्याकडच्या नोंदींशी ओळ न ओळ ताडून पाहिला आणि जपून ठेवला. तुम्हीही असंच करा. भरून मोकळं होऊ नका.

पुढे अर्धापूरहून फोन आला, "ताई, तुमचे मेसेज बंद झाले बगा. काम झालं का?"

"हाव," मी म्हटलं, "झालं."

आता बाबाला हे वाचून दाखवा. हसला तर हसू दे. पुढची खोली आहे, फळा आहे, सकाळची आणि दुपारची अशा दोन तुकड्या आहेत. रिटर्न माझ्या नावावर आहे, आणि आधारला माझा नंबर आहे.