काळ्या चौकटीतला शशिकांत

६ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी महिपतीने शशिकांतकडून ४० रियाल उसने घेतले आणि मोबाईलचा रिचार्ज मारला. दोघे माण तालुक्यातल्या एकाच गावचे, आखातातल्या बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत एकाच खोलीत राहणारे. शशिकांत बांधकामावर फिटर, तर महिपती तिथल्या कामगारांच्या बसचा ड्रायव्हर. माणसं साइटवर उतरवली की तो बसमध्ये बसून मोबाईलवर बॅनर करायचा. वाढदिवस असो की बारसं, गावच्या ग्रुपवर महिपतीचा बॅनर सगळ्यांच्या आधी पडायचा. कुणी वारलं तर काळी चौकट, दोन समया आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. यात कुणी आपल्याला मागे टाकलेलं त्याला खपत नसे.

दुपारी खोलीतल्याच चेतनचा मेसेज आला, की शशिकांत परांचीवरून पडला, गेला म्हणतात. महिपतीची बोटं सवयीनं चालली. डोळे पुसत त्याने फोटो चौकटीत बसवला आणि गावच्या ग्रुपवर पाठवून दिला. साइटवर फोन लावून विचारावं हे सुचलंच नाही.

थोड्या वेळाने सुपरवायझर फजलचा फोन आला. पाय मोडलाय, माणूस शुद्धीवर आहे, हॉस्पिटलला ये, म्हणाला.

महिपतीने घाईघाईने बॅनर डिलीट केला. तोवर तो भलत्याच ग्रुपांवर पोचला होता. खोटी बातमी टाकली तर इथले पोलीस सोडत नाहीत, हे तो स्वतःच नव्या पोरांना बजावायचा. आता मात्र त्याला धास्ती होती ती शशिकांतच्या बायकोची. राणीवहिनीला सातवा महिना होता.

त्याने तिला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. उचलला तो शशिकांतच्या आईने, फुलाबाईंनी. सून मळ्यात गेली होती, फोन घरातच होता, आणि अंगणात माणसं जमू लागली होती.

“काकू, शशी जित्ता हाय. त्यो फोटू मीच टाकला. चुकलं माझं.”

पलीकडून फुलाबाई म्हणाल्या,

“मगाशी मेला म्हणालास, आता जित्ता म्हणतूस. तुझं कंचं खरं धरू, बाबा?”

सून येईपर्यंत फोन हातातून सोडू नका, एवढंच विनवून त्याने बस काढली. प्रत्येक सिग्नलला त्याला मळ्यातून येणारी वहिनी दिसत होती.

शशिकांत स्ट्रेचरवर होता. महिपतीने त्याला बॅनरचं सगळं सांगितलं आणि फोन लावून त्याच्या कानाला धरला.

“आये, मी बोलतोय. ... न्हाय गं, पायच मोडलाय.” मग आवाज बदलला. “राणी, आलीस का? कुणाचं काय ऐकू नगंस.”

तेवढ्यात बॅलन्स संपला. शशिकांतने डोळे मिटले. “समया तरी बऱ्या लावल्या हुत्यास का रं?” म्हणाला.

खात्री न करता, घरच्यांना न विचारता मी हे टाकलं, शशिकांत सुखरूप आहे, कृपा करून पुढे पाठवू नका, असं महिपतीने प्रत्येक ग्रुपवर स्वतःच्या नावानिशी लिहिलं. तरी तो बॅनर अधूनमधून कुठेतरी उगवतो. महिपती त्याखाली पुन्हा तेच लिहितो.

शशिकांतचे ४० रियाल अजून द्यायचे आहेत.