बसलेले, उभे आणि कोटवाले

कंडक्टरबाईंना नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण एकोणतीस वर्षं बसमध्ये काढलेली बाई अशी सहजासहजी खाली उतरते थोडीच! घरात दोन माणसं दाराशी बोलत उभी राहिली की त्या म्हणायच्या, "दारात गर्दी नको, आत सरका." सून भाजी चिरता चिरता सरकायची. या बाईंशी वाद घालण्यापेक्षा सरकणं सोपं, हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. मुलगा तर जन्मल्यापासून सरकतच आला होता.

रविवारी मात्र बाईंच्या हाती खरी गाडी असायची, ती म्हणजे त्यांची ख्रिस्ती मंडळी. मोजून अठरा माणसं, पाळकांना धरून. पाळक आठवडाभर घड्याळं दुरुस्त करायचे आणि रविवारी उपदेश. निम्म्या शहराची घड्याळं त्यांनी ताळ्यावर आणली होती, पण त्यांचा स्वतःचा उपदेश आजवर एकदाही वेळेत संपला नव्हता. उपासना झाली की रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना गरम सूप, पाव आणि उकडलेलं अंडं द्यायचं, हा मंडळीचा नेम. सूप बाईंच्या घरी शिजायचं आणि रांगही बाईच लावायच्या. मध्ये कोणी घुसलं तर त्या "उतरा खाली!" अशा ओरडायच्या, की रांगेत नसलेला माणूसही एक पायरी उतरायचा.

बाईंची एक वही होती. दर रविवारी सुरुवातीलाच त्या माणसं मोजून दोन रकान्यांत लिहायच्या: 'बसलेले' आणि 'उभे'. उपासनेला आलेले ते बसलेले. सुपासाठी आलेले ते उभे, कारण ते जिन्यात ताटकळायचे आणि खायचेही उभ्यानेच. बसमध्ये असंच मोजतात. यात काही वावगं आहे असं बाईंना कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या सतरा-अठरांनाही नाही.

मंडळी भरायची एका शिकवणीच्या वर्गात, दुसऱ्या मजल्यावर. एका रविवारी शिकवणीचे मास्तर विसरलेला चष्मा न्यायला आले, तर जिन्यात बावीस माणसं कपात फुंकर घालत उभी. मास्तर सज्जन होते, त्यामुळे त्यांना भांडता येईना.

"प्रार्थनेला माझी ना नाही हो," ते म्हणाले. "पण सोमवारी पालक येतात. पायऱ्यांवर अंड्याची टरफलं..."

"टरफलं आम्ही उचलतो," बाई म्हणाल्या.

"आणि माणसं?" मास्तरांनी विचारलं.

बाई वाकून पायरीवरचं एक टरफल उचलू लागल्या. पुढच्या महिनाअखेर वर्ग सोडायचं ठरलं.

पाळकांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. ठरलेल्या मुदतीपर्यंत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हायचं. तिथे बाकं आहेत, पंखे आहेत, गाणारी मंडळी सुरात गातात. फक्त फाटकाशी अन्न वाटायला त्यांची परवानगी नाही, रस्ता अरुंद आहे म्हणे. पंखे ऐकून काहींचे चेहरे खुलले. बाई मात्र वहीतला 'उभे'चा रकाना पुन्हा पाहू लागल्या. बावीस माणसांचा रविवार उपाशी जाणार होता. शिवाय मोठ्या चर्चमध्ये रांग लावायला आणि डोकी मोजायला आधीच माणसं होती. तिथे बाई नुसत्या एक म्हाताऱ्या प्रवासी झाल्या असत्या, आणि ही भीती त्यांनी सुनेलाही सांगितली नाही.

बाई दलालांकडे खेटे घालू लागल्या. "जागा कशाला हवी?" "प्रार्थनेला." "वा, वा! आणि नंतर?" "सूप." सुपाशी आलं की गाडी पंक्चर. व्यायामशाळेवाल्यानं एक रविवार दिला, पण वजनं उचलणाऱ्यांच्या घामाचा वास अठरा जणांच्या भक्तीला पुरून उरला. मग नाचाचा क्लास पाहिला. तिथे चारही भिंतींना आरसे. अठरा माणसं तीनशे दिसू लागली, आणि एवढा मोठा जमाव पाहून पाळकांना असा हुरूप आला की उपदेश वीस मिनिटं जास्त चालला. मंडळीनं एकमुखानं तो क्लास नाकारला.

सुपाच्या रांगेत पहिला नंबर नेहमी कोटवाल्यांचा. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात काळा कोट आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली. उपासनेच्या तासभर आधी येऊन ते जिन्यात उभे राहायचे. त्या रविवारी सूप घेता घेता ते म्हणाले, "ताई, जागा शोधताय म्हणे. मला कोणी विचारलं नाही."

"तुम्हाला काय विचारायचं?"

"तुम्ही जागा शोधताय तीन आठवडे. मी पंधरा वर्षं रोज शोधतोय."

बाई पळी हातात धरून उभ्या राहिल्या. अनुभवी माणसाशी हुज्जत घालायची नाही, हे त्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकल्या होत्या. सोमवारपासून दोघं जागा पाहायला निघाली.

दोघांच्या तऱ्हा दोन. बाई आत शिरल्या की आधी दारं मोजायच्या, पुढचं एक, मागचं एक, मग किती बसतील याचा हिशोब. कोटवाले आत शिरले की सरळ जमिनीवर आडवे व्हायचे. डोळे मिटून नाकानं हवा ओढायचे, कान फरशीला लावायचे. "ओल आहे. तिसऱ्या दिवशी कंबर धरेल," म्हणत उठायचे. घरमालक अवाक होऊन बाईंकडे पाहायचे. बाई म्हणायच्या, "ते आमचे तपासनीस आहेत."

कोटवाल्यांनी स्वतःहून दाखवलेल्या जागाही अशाच. एका बेकरीची मागची भिंत, कारण ती सकाळपर्यंत गरम असते. पुलाखालचा कोपरा, कारण तिथली कुत्री ओळखीची आहेत. शेवटी बाई वैतागल्या.

"अहो कोटवाले, आम्हाला झोपायचं नाहीये, प्रार्थना करायचीय!"

"तुमच्या पाळकांचा उपदेश मी जिन्यातून ऐकलाय," कोटवाले शांतपणे म्हणाले. "दोन्हीला एकच जागा चालेल."

बाईंना हसू आवरलं नाही, पण त्यांनी ते नाक शिंकरण्यावर निभावून नेलं.

मग बॅडमिंटनचा हॉल मिळाला. मोठा, उजेडाचा, दोन दारांचा. कोटवाले आडवे झाले आणि लगेच उठले. "नको. इथे दुपारी पाणी सोडतात."

"दिसतोय तर कोरडा ठणठणीत."

"कोपऱ्यात शेवाळ्याचा वास आहे."

बाईंना दोन दारांचा मोह पडला. त्यांनी हॉल घेतला. रविवारी पाळक उपदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यावर आले असतील-नसतील, मागचं दार उघडलं आणि सफाईवाला रबरी नळी घेऊन आत आला. रविवारी एक वाजता फरशी धुवायची, असा त्याला हुकूम होता, आणि त्या हुकमात प्रार्थनेचा कुठे उल्लेख नव्हता. पाणी खुर्च्यांखालून आलं. अठरा माणसं चपला-बूट हातात घेऊन उभी राहिली. पाळक म्हणाले, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले होते, तेव्हा आपणही..." पण त्यांचेच मोजे भिजले तसा तो मुद्दा त्यांनी आवरता घेतला. इतक्या लवकर आवरलेला तो त्यांचा पहिलाच मुद्दा. बाहेर रांगेत कोटवाले कोरड्या पायांनी उभे होते. त्यांनी नुसतं सरकून बाईंना ओले पाय पुसायला जागा करून दिली, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

आता एकच आठवडा उरला. बाईंनी त्यांना बाकावर बसवून सरळ विचारलं, "खरं सांगा. एकही चांगली जागा नाही तुमच्या माहितीत?"

कोटवाल्यांनी वरचं बटण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"आहे एक," ते म्हणाले.

तो एक बंद पडलेला छापखाना होता. मागच्या अंगाला कागद ठेवायची लांबलचक खोली. खिडक्या उंच, जमीन लाकडी, आणि भिंतीशी जुन्या कोऱ्या कागदाची बंडलं रचलेली. "जिथे कागद टिकतो तिथे माणूस टिकतो," कोटवाले म्हणाले. बाईंनी दारं मोजली. दोन! त्यांना इतका आनंद झाला की कोटवाले या खोलीत आडवे झाले नाहीत, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

छापखान्याचे मालक वरच्या मजल्यावरून काठी टेकत उतरले. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं: प्रार्थना, सूप, टरफलं आम्ही उचलतो. मग घसा खाकरून म्हणाल्या, "आणि माणसंही येतात. बावीस."

"येऊ देत की. रिकामी खोली मला काय चाटायचीय?" मालक म्हणाले. मग कोटवाल्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "पण तुमचं नक्की ना?"

कोटवाल्यांनी मान हलवली. बाईंना वाटलं, हे दलालीबद्दल असेल.

पहिल्या रविवारी खोली झाडून खुर्च्या मांडल्या. पाळकांचं टेबल सर्वांत उबदार, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. सूनबाई सुपाचं पातेलं घेऊन मागच्या दाराशी बसली. गाडी सुटायच्या आधी बाईंनी वही उघडली. बसलेले अठरा. मग दाराबाहेर जाऊन मोजलं. उभे एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीसच. रांगेत पहिला नंबर नव्हता.

"करू या का सुरुवात?" पाळकांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची नजर पाळकांच्या मागच्या भिंतीवर गेली. गुडघ्याइतक्या उंचीवर एक खिळा होता. टेकून बसणाऱ्या माणसाच्या पाठीनं भिंतीचा रंग तेवढ्याच पट्ट्यात गुळगुळीत झाला होता. टेबलाखाली दोरीनं नीट बांधलेला पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्यापाशी जमिनीच्या फटीत कोटाचं एक काळं बटण.

बाईंनी टेबलाखाली वाकून ते बटण नीट पाहिलं. मग उठल्या.

"सुरुवात नाही करायची," त्या म्हणाल्या. "गाडी थांबलेली आहे."

एकोणतीस वर्षांत त्यांनी प्रवासी गाडीत ठेवून कधी गाडी सोडली नव्हती. आज सोडली. कोटवाले दोन गल्ल्या पलीकडच्या बसस्टॉपवर बोचकं मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात एक बस आली, बाईंनी सवयीनं हात करून तिला पुढे घालवलं आणि त्या कोटवाल्यांसमोर उभ्या राहिल्या.

"ती तुमची जागा होती."

"होती."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असती का?" कोटवाले म्हणाले. "आणि झोपलेला माणूस दिसला की जागा जाते, ताई. मास्तरांची नुसत्या उभ्या माणसांनी गेली. मला काय, बेकरीची भिंत आहे. तुम्ही पुष्कळ जण आहात."

बाईंचे डोळे भरून आले, आणि डोळे भरले की त्यांना राग यायचा.

"हे बघा! बसलेल्या माणसाला उठवून मी उभ्या जन्मात कोणाला सीट दिली नाही. आरक्षित सीट सोडून."

"मग माझी कुठे आरक्षित होती?"

"आजपासून आहे. चला, आत सरका!"

"आत कुठे? आपण तर रस्त्यावर आहोत."

"उगाच फाटे फोडू नका. चला."

परत आल्यावर बाईंनी टेबल उचलायला लावलं. पाळक टेबलासकट दाराच्या वाऱ्यात आले. कोपरा रिकामा झाला. मग बाईंनी मागचं दार सताड उघडलं आणि बाहेरच्या एकवीस जणांना हाक दिली, "दारात गर्दी नको, आत सरका!" ते चाचरत आत आले. अठरा जण न सांगता सरकले. खुर्च्या संपल्या तशी कागदाची बंडलं खाली ओढली. बंडलं खुर्च्यांपेक्षा मऊ निघाली, त्यामुळे थोड्या वेळानं मंडळीतलेच काही जण तिकडे जागा मागू लागले.

कोटवाल्यांनी कोपऱ्यात पुठ्ठा पसरला. बटण उचलून खिशात टाकलं, कोट खिळ्याला लावला आणि आडवे झाले. कोटाविना त्यांना कोणी कधी पाहिलंच नव्हतं. ते बरेच लहानखुरे होते.

"मी उपदेश करायचा आणि यांनी समोर झोपायचं?" पाळक कुजबुजले.

"आपल्याला जागा देऊन काल रात्रभर रस्त्यावर कुत्री हाकलली त्यांनी. आता झोपू देत," बाई म्हणाल्या. "आणि बाकीचे बसून झोपतातच की. तेव्हा बोललात कधी?"

पाळकांनी उपदेश सुरू केला. पाचव्या मिनिटाला कोपऱ्यातून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं. बाई दाराला टेकून उभ्या होत्या, नेहमीसारख्या. कंडक्टर स्वतःला मोजत नाही. त्यांनी वही काढली, लिहिलेलं सगळं खोडलं आणि नव्यानं लिहिलं:

बसलेले: अडतीस.
झोपलेले: एक.
उभे: एक.

तो उभा माणूस अजून पहिल्याच मुद्द्यावर होता.