बोटाचा फोटो

आमच्या कुंडलच्या स्टँडजवळ एक फ्लेक्सवाला आहे. वाढदिवसाच्या बॅनरवर पोरांना गॉगल चढवायचा आणि मागं वाघ उभा करायचा, हा त्याचा धंदा. बोलताना तो माणसाकडं बघत नाही, स्क्रीनकडंच बघतो.

मतदानादिवशी, पहिल्यांदा मत देणाऱ्यांना तो बॅनर फुकट करून देतो. शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवायचा, की बॅनर गावाच्या ग्रुपवर येतो. त्यावर पुढाऱ्याचा फोटो मात्र नसतो. "आज पुढारी ह्येंनी निवडायचाय," म्हणतो.

गेल्या निवडणुकीत माझ्या मुलीनं सांगलीच्या होस्टेलवरूनच बोटाचा फोटो पाठवला. त्यानं तो मोठा करून बघितला आणि तिला फोन लावला. "पोरी, ही नेलपेंट हाय. शाई कातडीवर बी येती. सहापर्यंत वेळ हाय, ये."

पाचला ती एसटीतून उतरली. मत देऊन तिनं दुसरा फोटो पाठवला, तेव्हा कुठं बॅनर आला. मागं वाघ आणि पुढं तिचं बोट.

मी रोज त्याच्याकडं चहाला बसतो. त्यानं हे मला कधीच सांगितलं नाही. पोरीनं स्वतःच सांगितलं, नजर न चुकवता.