मेहुण्यांच्या दोन बादल्या

माझ्या बायकोच्या मामेभावाने आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा म्हणून केलेली नाही. जे केलं ते दुसऱ्यांदा. पहिली खेप तालमीची. मुलीच्या लग्नाला मिठबावहून खारेपाटणला जायचं, तर आदल्या आठवड्यात हे गृहस्थ डिकीत रिकाम्या बॅगा भरून, वहिनींना शालू नेसवून, तोच रस्ता तेवढ्याच वेगाने जाऊन आले. लग्नादिवशी मात्र एकूण एक खड्डा ओळखीचा झाल्यामुळे वधूपक्ष इतक्या लवकर पोचला की मंडपवाल्याने ह्यांनाच खांब धरायला उभं केलं. "बगलात, भावोजी?" पँटला लागलेली माती झटकत ते मला म्हणाले, "तालमीचो फायदो!"

दुसरा नेम प्रतीचा. एकाच ठिकाणी ठेवलेलं ते ठेवलेलं नव्हेच, असं त्यांचं मत. म्हणून आंब्याचं लोणचं घातलं की निम्मं इन्सुलीला बहिणीकडे जातं. बहिणीकडची मंडळी ही सुरक्षित प्रत श्रावणाच्या आत फस्त करतात. मेहुणे जातात, बरणीच्या बुडाशी उरलेलं तेल उजेडात धरून बघतात, "प्रत खराब झाली" म्हणून हळहळतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाठवतात. नवं कपाट घेतलं तेव्हा त्याची खात्री पटेपर्यंत जुनं असू दे म्हणाले. ती खात्री अजून पटायची आहे, आणि त्यांच्या माजघरातून अजून आडवं होऊन चालावं लागतं.

पुण्यात संगणकाच्या नोकरीत उमर काढून ते गावी परतले, पण माऊसला हात लावत नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतात. "शब्दान सांगलेला काम परत तसाच सांगता येता, भावोजी. बोटान दाखवलेला उद्या आठवात?" दूरच्या मोठ्या संगणकांवर भाड्याने मिळणाऱ्या ज्या जागेला बाकीचे लोक बकेट म्हणतात, तिला ते सरळ बादली म्हणतात. अशीच एक बादली त्यांनी माझ्या बायकोला घेऊन दिली होती. तिला माणसांची बोलणी रेकॉर्ड करायचा नाद. घरच्यांची, शेजाऱ्यांची, मासे विकायला येणारीची, सगळ्यांची बडबड तिने तिथे साठवली.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या नावाचं खातं पुढे चालेना, आणि महिनाअखेर सारं पुसलं जाईल अशी सूचना आली. मी मेहुण्यांना फोन केला. पासवर्ड त्यांच्याकडे होताच, अर्थात दोन जागी लिहिलेला. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप घेऊन मालवणला आमच्या पडवीत येऊन बसले. माझ्या नावाने नवी बादली काढली आणि म्हणाले, "आता जुनीतला सगळा नवीत ओतूचा. पण आदी तालीम." आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडला की संगणक काही करत नाही, काय केलं असतं तेवढं सांगतो. तो शब्द त्यांच्यासाठीच निघाला असावा.

शेजारच्या काकी कुंपणावरून सकाळपासून बघत होत्या. "एक बादली भरूक इतको वेळ रे? माझी विहीर उपसून झाली असती."

"थांब गो काकी," म्हणत त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. प्रत्येक ओळीत तिने दिलेलं एकेक नाव, आणि नावाआधी एकच शब्द: डिलीट. मेहुण्यांचे हात हवेतच राहिले. त्यांनी दोन्ही बादल्या सारख्या करायची आज्ञा दिली होती, पण उलट्या बाजूने. नव्या बादलीत काही नाही, म्हणून जुनीतलंही सगळं काढून टाकतो, असं संगणक इमानाने सांगत होता. तालीम नसती, तर एव्हाना काढून झालं असतं.

ते उठले, विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले. मग साधी नकलेची आज्ञा लिहिली, तिची तालीम केली, पुन्हा केली. मग खरंच केलं. आकडे जुळले. मी सुटकेचा श्वास टाकला, तर म्हणतात, "आकडे जुळले म्हणान काय झाला? ऐकून बगूक व्हया." ती गेल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता, ऐकवणार नव्हता. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी नव्या बादलीतली 'दादाची बडबड' नावाची फाईल उघडली होती. दोन कपाटं का लागतात, यावर मेहुण्यांचं लांबलचक भाषण, आणि मधेच तिचा आवाज, हसू दाबलेला: "दादा, वयनीचीय प्रत काडून ठेवलस काय रे?" मग जुन्या बादलीतली तीच फाईल. तेच भाषण, तोच प्रश्न, तेच हसू.

"जुळला," मेहुणे म्हणाले आणि बराच वेळ लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले.

जुनी बादली महिनाअखेर गेली. त्याआधीच नवीची प्रत मिठबावला निघाली होती, हे सांगायला नको. तरी दर रविवारी त्यांचा फोन येतो. "भावोजी, उगडून बगलात? न उगडलेली प्रत कुजता." त्यांच्याकडे तीच फाईल आहे, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मी फाईल लावतो आणि फोन जवळ धरतो. ती विचारते, हसते. आणि पलीकडून, दर रविवारी न चुकता, मेहुणे तिला उत्तर देतात.

"नाय गो. ती एकच आसा."