कंडक्टरीण आभार मानायला गेली तेव्हा

डेपोत तिला सगळे 'भोंगा' म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या दिवशी कुणी तशी हाक मारली नाही, तर तीच विचारायची, "काय रे, आज माझी तब्येत बरी दिसत नाही का?" सगळ्यात लांबच्या मार्गावर ती कंडक्टर होती. बस कितीही खच्चून भरलेली असो, तिचं "पुढे सरका, पुढे काय वाघ बसलाय?" मागच्या दारापासून थेट ड्रायव्हरच्या कानात शिरायचं आणि माणसं निमूट सरकायची. या आवाजाच्या जोरावर तिने नोकरी निभावली होती. अडचण एवढीच, की घरी जाताना तो डेपोत ठेवून जाता येत नसे. तिने घरात नुसतं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, जुंपली यांची. नवरा शिंपी होता आणि मुलखाचा अबोल. दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलून टाकायची.

त्यांना एकच मुलगी. चुणचुणीत आणि नकला करण्यात पटाईत, पण पुस्तक उघडलं की पोरीचा चेहरा पडायचा. घ आणि ध, भ आणि म यांत तिचा कायम गोंधळ. बरोबरीची मुलं धडा संपवून खेळायला पळत आणि ही दुसऱ्याच ओळीत अडकलेली असे. "हिचं डोकं अभ्यासात नाही," असं एक नातेवाईक बोलून गेला, तर कंडक्टरणीने त्याला असा झाडला की तो पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही. पण आतून तीही धास्तावली होती. वाचताच आलं नाही तर या पोरीचं पुढे व्हायचं कसं, हा घोर तिला तिकिटं फाडतानासुद्धा सोडत नसे.

चौथीत वर्गावर नव्या शिक्षिका आल्या. चण बारीक, आणि आवाज असा की समोरच्या बाकावरच्यालाही कान टवकारावे लागत. त्यांनी पहिल्याच आठवड्यापासून मुलीला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायला सुरुवात केली. का, कशासाठी, हे विचारत बसण्याचा कंडक्टरणीचा स्वभाव नव्हता. कामावरून तशीच, खांद्यावर चामड्याची पिशवी घेऊन तिने शाळा गाठली आणि व्हरांड्यात उभं राहून तोंडाचा पट्टा सोडला.

"माझ्या पोरीने असा काय गुन्हा केलाय? सगळी मुलं घरी जातात आणि हिला एकटीला डांबून ठेवता? शिकवता येत नसेल तर तसं सांगा ना!"

सगळे वर्ग चिडीचूप झाले. शिक्षिकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला थोडे दिवस द्या," एवढंच त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला पुन्हा थांबवून घेतलं. बाई दिसायला मऊ होती, पण हटायला तयार नव्हती.

वर्ष सरत आलं. एका सुट्टीच्या दिवशी मुलगी आईबरोबर बसमध्ये आली होती. थांब्यावर गाडी उभी होती, माणसं चढत होती, आणि मुलगी खिडकीवरच्या पाटीकडे टक लावून बघत होती. मग तिने मान वर केली आणि थेट आईच्या आवाजात, आईच्या ठसक्यात गर्जना केली, "चालत्या गाडीतून हात अथवा डोके बाहेर काढू नये!"

अख्खी बस हसली. एक आजोबा म्हणाले, "कंडक्टरबाई, तुमची नोकरी गेली हो!" मुलीला चेव चढला. तिने पुढची पाटी वाचली, त्याच्या पुढची वाचली, मग रस्त्यापलीकडच्या दुकानांचे फलक वाचायला घेतले. कुठे अडखळली की बोट हवेत फिरवून अक्षर गिरवायची आणि सुटायची. "बाईंनी शिकवलंय," ती म्हणाली. "आधी गिरवायचं, मग म्हणायचं. ओळीखाली पट्टी धरायची. रोज शाळा सुटल्यावर आम्ही हेच करतो."

कंडक्टरीण पोरीकडे बघतच राहिली. गाडी सोडायची तर तिने दोनदा बेल मारायला हवी होती, पण तिचा हात दोरीपर्यंत गेलाच नाही. गाडी उभीच.

"ताई, बेल!" ड्रायव्हर ओरडला. "का आज इथेच मुक्काम?"

"थांब की जरा!" ती म्हणाली. "पोरगी वाचतेय माझी!"

घरी गेल्यावर तिने जाहीर केलं, की उद्या शाळेत जाऊन बाईंचे आभार मानणार. मुलगी घाबरली. "आई, पण हळू बोलशील ना? शप्पथ घे." आईने शप्पथ घेतली. शिवणयंत्रावरून मान वर न करता नवरा म्हणाला, "भांडलीस तेव्हा अख्ख्या शाळेला ऐकवलंस. आभार तेवढे कानात सांगणार?"

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून असं म्हणायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती शाळेत पोचली. कपडे बदलायला सवड नव्हती. फाटकातून तो गणवेश आत येताना दिसताच शिपाई धावत हेडसरांकडे गेला, आणि हेडसर धावत व्हरांड्यात आले.

"बसा ना, बसा. आपण शांतपणे बोलू."

"मला बाईंना जरा भेटायचं होतं," ती जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणाली.

हेडसरांना घाम फुटला. ओरडणारा भोंगा त्यांच्या ओळखीचा होता, हा कुजबुजणारा भोंगा त्यांना भलताच धोक्याचा वाटला. "तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका," ते घाईघाईने म्हणाले. "तुमच्यामागून आणखी काही पालक आले, त्यांचंही तेच म्हणणं. पुढच्या वर्षापासून तो शाळा सुटल्यानंतरचा तास आम्ही बंदच करतोय. बाईंनाही तशी समज दिली आहे."

कंडक्टरणीच्या पोरीसारखी आणखी किती पोरं अडकून बसली असतील, आणि तिच्याच तोंडापायी त्यांचा तास जाणार होता. तेवढ्यात शिक्षिका वर्गातून बाहेर आल्या. हात खडूने माखलेले, मान खाली. "माझं काही चुकलं असेल तर..." त्यांनी सुरुवात केली.

मग शप्पथ कुठली आणि काय.

"ऐका सगळ्यांनी!" खिडक्यांची तावदानं थरथरली. "याच जागी उभी राहून मी या बाईंना वाट्टेल ते बोलले होते! ते सगळं खोटं होतं! माझ्या पोरीला कुणालाच वाचायला शिकवता आलं नाही, मलासुद्धा नाही! या बाईंनी शिकवलं! स्वतःच्या घरी जायचं सोडून शिकवलं! माझी मुलगी आज घडाघडा वाचते! मी या बाईंचे आभार मानायला आलेय! आणि हेडसर, तो तास बंद केलात तर गाठ माझ्याशी आहे!"

दारादारांतून डोकी बाहेर आली. "नाही हो, नाही करत बंद," हेडसर दोन्ही हात वर करून म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, चालूच राहील."

चौथीच्या दारात तिची मुलगी उभी होती. कंडक्टरणीला आता कुठे आपली शप्पथ आठवली आणि ती ओशाळली. पण मुलगी शेजारच्या मैत्रिणीला कोपराने ढोसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगत होती, "माझी आई आहे ती."

शिक्षिकांनी खडूच्या हातांनी डोळे पुसले, तसं गालांवर पांढरं पसरलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पालक व्हरांड्यात आले ते तक्रार घेऊनच, याची त्यांना इतकी सवय झाली होती, की ऐकलं ते खरंच ऐकलं का, याचीच त्यांना खात्री वाटत नव्हती. शेवटी त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "परत एकदा म्हणाल का? त्या टोकाच्या वर्गात ऐकू गेलं नसेल."

कंडक्टरणीने मुलीकडे बघितलं. मुलीने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मग आईने छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.