बर्फावर न ठेवलेला ठोकळा

मेणाचा ठोकळा कपाळावर बसला आणि माझी भुवई फुटली. डॉक्टरने फेकला होता.

"मासे कापणारीची पोर! तिच्या हातात यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार?"

लॅबमध्ये आणखी चौघं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मालवणातली लॅब. पेशंटच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून बारीक काप काढायचे. कॅन्सर आहे का, ते त्यावरून कळतं. नऊ वर्षं मी हाताने चाक फिरवून ते केलं. आमच्या दमट हवेत मेण मऊ पडतं, म्हणून ठोकळा आधी बर्फावर ठेवायचा. ही अक्कल आईची. ती बाजारात मासे विकते. "बर्फाशिवाय मासोय धड कापूक जमणा नाय गो," म्हणायची. लॅबमध्ये मात्र माझा कप वेगळा. हातांना वास मारतो म्हणे! त्या कपातून मी नऊ वर्षं चहा प्यायले. त्याची लाज मला अजून जाळते.

मग मोटरचं यंत्र आलं. आकडा घाला, बटण दाबा, ठोकळा आपोआप नेमका तेवढाच पुढे सरकतो.

त्या दिवशी मसुऱ्याच्या एका बाईच्या छातीतल्या गाठीचा इवलासा तुकडा होता. मी म्हटलं, "दहा मिनिटं बर्फावर ठेवते."

"यंत्राला तुझा बर्फ लागत नाही. हात लावू नकोस."

डॉक्टरने स्वतः ठोकळा चढवला, बटण दाबलं आणि फोनवर बोलत बाहेर गेला. मऊ मेणात काप चुरत होते. यंत्र बिनचूक पुढे सरकत होतं. न राहवून मी ते बंद केलं, तोवर तुकड्याचा भुगा झाला होता. परत येऊन त्याने उरलेला ठोकळा उपसला आणि मला मारला.

मग कागद पुढे केला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे नमुना नष्ट झाला.' खाली माझं नाव.

"सही कर."

डोळ्यांत रक्त उतरत होतं. शेजारी यंत्राचं पातं होतं. मी ते उचललं. खरं सांगते, त्याचा गळा मला दिसत होता. तोही मागे सरला.

पात्याने मी कागद उभा चिरला.

"मी सही करूचंय नाय. तुका काय करूचा आसा ता कर."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला तू म्हटलं.

तिथून तशीच मसुऱ्याला गेले. त्या बाईला सगळं सांगितलं. तिच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागणार. ती रडली, मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

आता तिने डॉक्टरविरुद्ध तक्रार केली आहे. साक्षीला मी उभी राहणार. तो समोर बसलेला असेल. मी त्याला तूच म्हणणार.