मुंबईत न आलेले नाखवा

आमच्या विक्रोळीच्या चाळीत मुंबईला कधीच न आलेला असा एकच माणूस राहत होता, आणि तो जन्मापासून मुंबईतच होता! आमच्या शेजारचे नाखवा. मूळचे माहुलच्या कोळीवाड्यातले. होडी धाकट्या भावाच्या गळ्यात मारून ते कारखान्यात चिकटले, तरी अख्खी चाळ त्यांना नाखवाच म्हणे. बाकी आम्ही सगळे बाहेरचे. कोणी मालवणकडचे, कोणी साताऱ्याचे, समोरचे मास्तर जालन्याचे. दिवाळीनंतरच्या रविवारी चाळीचं संमेलन असे आणि त्यात प्रत्येक घरातल्या एकाने माइकवर येऊन आपण मुंबईत कसे आलो ते सांगायचं. तिथे ज्याचे हाल जास्त त्याचा मान मोठा. सामान चोरीला गेलेल्याला टाळ्या पडत, आणि पत्त्याची चिठ्ठी हरवलेल्याला तर पहिल्या रांगेत खुर्ची मिळे. नाखवा पहिल्या वर्षी माइकपाशी गेले, घसा खाकरून म्हणाले, "आमी कुठशी आयलोच नाय," आणि खाली बसले. चाळ पोट धरून हसली. मास्तर म्हणाले, "मग नाखवा, पुढच्या वर्षी तरी या!"

ते त्यांना फार लागलं. तेव्हापासून त्यांनी इतरांच्या गोष्टी तोंडपाठ करायचा सपाटा लावला. रोज संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचे आणि खोदून खोदून विचारायचे. पुढे पुढे तर बोलणारा माइकवर चुकला की नाखवा खालून ओरडत, "ओ, गेल्या वर्षी तुमची आई दोन दिवस उपाशी व्हती, आता तीन कशे झाले?" एकदा मास्तर वैतागून म्हणाले, "आई माझी आहे ना?" नाखवा म्हणाले, "आई तुमची, पण गोष्ट समद्यांची!" आता याच्यावर माणसाने काय बोलावं, कपाळ!

शेवटी स्वतःची गोष्ट हवीच म्हणून या गृहस्थांनी मुंबईत यायचं ठरवलं. त्यासाठी आधी मुंबईबाहेर जायला हवं, म्हणून मे महिन्यात मी आणि आई मालवणला निघालो तेव्हा नवराबायको आमच्याबरोबर आले. आठ दिवस राहिले, तिथल्या बांगड्याला नावं ठेवली आणि आमच्याच बोटीने परत निघाले. सुतळीने बांधलेली ट्रंक मुद्दाम विकत घेतली होती. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर मला म्हणाले, "तू लांब ऱ्हा गं पोरी, मना जरा घाबरू दे." मग ट्रंक डोक्यावर घेऊन, तोंड वासून, चारी दिशांना बघत उभे राहिले. पण धक्का सगळा कोळ्यांचा! पाच मिनिटांत दोन मेहुणे, एक साडू आणि टोपल्या घेतलेल्या सात-आठ मावश्या गोळा झाल्या. "काय रं, कुठं मेलेलास?" म्हणत मेहुण्याने ट्रंक पळवली, एका मावशीने चहा पाजला, दुसरीने हातात सुरमई कोंबली. नाखवा कळवळून ओरडत होते, "अरे, मना वळखू नका रे!" त्यांची बायको तर हसून हसून खालीच बसली.

त्या वर्षी संमेलनात त्यांनी हेच सगळं सांगितलं. चाळ हसून लोळली. नाखवा मात्र पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "हरवायला उभा ऱ्हायलो, पण कोणी हरवूच देईना. नाय जमला आपल्याला."

तेवढ्यात माझे बाबा उठले. बाबा त्या माइकवर दर वर्षी "बोटीने आलो, झालं" एवढंच सांगत. त्या दिवशी म्हणाले, "नाखवा, मी चौदा वर्षांचा होतो. त्याच धक्क्यावर उतरलो. काका न्यायला येणार होते, ते आलेच नाहीत. दिवसभर बसून होतो. इतकी माणसं गेली समोरून, पण एकानेही विचारलं नाही, बाळा, कोणाचा तू?" एवढं बोलून बाबा खाली बसले. आईनेसुद्धा हे कधी ऐकलं नव्हतं. मला तर कुठे बघावं तेच कळेना.

नाखवांनी माइक सोडला. मग बाबांजवळ आले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "भाऊ, तवा मी रोज तितंच मासली उतरवायचो. मना ठावं असता, तर तुमाला घेवाला मीच आयलो नसतो का?"